ऐक्य झाले; न्यायाचे काय?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्चांनी आपापली जुनी नावे खाली ठेवली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ हे एकच नाव घेतले. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट व डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट असे ते सहा. १९२९ साली सुरू झालेल्या बोलण्यांना चार दशकांनी फळ आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट या बोलण्यांत वर्षानुवर्षे होते; ऐन वेळी ते बाहेर राहिले आणि अजून बाहेरच आहेत.

या घटनेचे मोल मराठी ख्रिस्ती समाजाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही. लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि जाणत्या वयातच तो द्यावा असे मानणारे एका चर्चमध्ये नांदू शकतात, हे या चर्चने आपल्या घटनेतच मान्य केले. बिशप असलेल्या आणि नसलेल्या परंपरांच्या पाळकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून परस्परांची सेवा स्वीकारली. याच प्रश्नांवरून युरोपात शतकानुशतके वितुष्ट होते, रक्तही सांडले होते. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा बिशपांची परंपरा मानणारे आणि न मानणारे प्रथमच एका चर्चमध्ये आले. भारतीय ख्रिस्ती समाजाने जगाला दिलेली ही खरी देणगी आहे, असे मी मानतो.

पण मुळात फूट आपली नव्हतीच. मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ बहुधा त्याच्या जिल्ह्याने ठरवला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले. त्यामुळे नगरकडची बरीच मंडळी काँग्रिगेशनल झाली. कोल्हापूर प्रेस्बिटेरियन, जालना स्कॉटिश मिशनचे, नाशिकचे शरणपूर अँग्लिकनांचे. आपसांत चढाओढ नको म्हणून मिशनांनी मुलूख वाटून घेतले. गोदाकाठच्या एखाद्या शेतमजुराला कॅल्विन कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्याच्या नातवाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर स्कॉटलंडमधल्या जुन्या भांडणाची मोहोर उमटली.

म्हणूनच या देशात ऐक्याची मागणी पहिल्यापासून न्यायाची मागणी होती. १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरया या तरुण तमिळ पुढाऱ्याने मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले, की तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ त्याग केलात, पण आम्हाला मैत्री हवी आहे. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबले. पुढे अझरया पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले आणि १९१९ च्या तरंगंबाडी परिषदेत त्यांनीच दक्षिणेतल्या चर्च-ऐक्याचा पाया घातला. मालक आणि ताबेदार यांच्यात ऐक्य होत नसते, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांना तेच जाणवले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्याला मुक्काम हलवला आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तानुयायी सारख्याच मानाने बसणार होते. दोन वर्षांत टिळक गेले आणि ते स्वप्न तिथेच राहिले. पंडिता रमाबाईंनी तर बाप्तिस्मा घेतल्यावरही कोणत्याच पंथाची चौकट पूर्णपणे मानली नाही. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये टाकलेल्या बायकांना आधी आसरा मिळे, पंथाचा प्रश्न नंतर.

परक्यांनी घातलेल्या भिंती आपण बऱ्याच अंशी उतरवल्या. आपण स्वतः आत आणलेली भिंत मात्र उभी आहे, आणि तिचे नाव जात. महार आणि मांग समाजांतून आलेली कुटुंबे एकाच बाकावर बसून उपासना करतात, पण सोयरीक जुळवताना जुनी चौकशी अजून होते. दक्षिणेत हे अधिक उघड दिसते. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागातल्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी काढणारी भिंत वर्षानुवर्षे वादाचा विषय राहिली आहे. मेल्यावरही जे एकत्र निजू शकत नाहीत, त्यांनी एकत्र म्हटलेल्या प्रार्थनेला मी ऐक्य म्हणणार नाही.

हा सल प्रथम धर्मशास्त्राच्या भाषेत मांडणाऱ्यांत अरविंद निर्मळ हे मराठी नाव अग्रभागी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये त्यांनी विचारले, की भारतीय ख्रिस्ती धर्मविचार वेदान्ताशीच संवाद करत बसला, पण बहुसंख्य ख्रिस्ती ज्या दुःखातून आले त्याचे काय? तिथून दलित ईशज्ञानाची परंपरा सुरू झाली. २०१३ च्या ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहाचे साहित्य भारतातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने तयार केले, तेव्हा त्यांनी मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेतला आणि दलितांवरचा अन्याय जगभरच्या चर्चांपुढे ठेवला. डिसेंबर २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. कबुली उशिरा आली, पण आली.

चर्चांचे ऐक्य मला सर्वांत खरे दिसते ते १० ऑगस्टला. १९५० साली त्या दिवशी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. कॅथलिक बिशपांची परिषद आणि नागपुरात मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस या दिवशी एकत्र निषेध नोंदवतात. मात्र जो न्याय आपण सरकारकडे मागतो, तोच आपल्या शाळा-दवाखान्यांतल्या नेमणुकांत आणि पंचकमिटीत दिसला नाही, तर मागणीचा जोर जातो.

दुसरे दुखणे मालमत्तेचे. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळींचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये निकाल लागला, की सार्वजनिक न्यासाची मालमत्ता केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे जात नाही. त्यासाठी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची वाट चालावी लागते. अनेकांना हा ऐक्यावरचा घाव वाटला. मला त्यात एक इशारा दिसतो. मंडळीला विश्वासात न घेता वरून आणलेले ऐक्य कज्ज्यात अडकते, आणि मिशनच्या जुन्या जमिनींना आज आलेला भाव पाहता भाऊबंदकी वाढणारच.

स्त्रियांच्या बाबतीतही न्याय उशिराच आला. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये एग्गोनी पुष्पललिता यांना नंद्यालच्या बिशप केले. स्थापनेनंतर ६६ वर्षांनी.

१८ ते २५ जानेवारी हा ऐक्य प्रार्थना सप्ताह दर वर्षी येतो. कॅथलिक फादर, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे पाळक आणि मेथडिस्ट मंडळी एकत्र गातात, चहा घेतात आणि घरी जातात. येत्या जानेवारीत प्रत्येक गावच्या मंडळींनी आणखी तीन गोष्टी कराव्यात, ही माझी विनंती आहे. न्यासाचे तपासलेले हिशेब चर्चच्या फलकावर लावा, पंचकमिटीत आजवर ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना बसवा, आणि दफनभूमी सर्व पंथांच्या व सर्व जातींतून आलेल्या ख्रिस्ती माणसांना खुली असल्याचा ठराव करा.