‘मम्मा मिया!’ ते तुरुंगातला ब्रूटस

‘मम्मा मिया!’ बघितलाय? ग्रीक बेटावरचं लग्न, ‘अ‍ॅबा’ची गाणी आणि डंगरी घालून धमाल नाचणारी मेरिल स्ट्रीप. हा सिनेमा ज्या इंग्लिश दिग्दर्शिकेने केला, तिनेच भारदस्त ऑपेरा केलेत आणि तुरुंगात घडणारा शेक्सपिअरसुद्धा. फिलिडा लॉइड हे तिचं नाव. ही सगळी कामं वरवर एकमेकांपासून लांबची वाटतात. पण नीट बघितलं तर बहुतेक ठिकाणी तिने एकच गोष्ट केलीये : बायकांना मोठ्या भूमिका मिळवून दिल्या.

फिलिडाचा जन्म १९५७चा, ब्रिस्टलचा. बर्मिंगहॅम विद्यापीठातून डिग्री घेतल्यावर पाच वर्षं ती बीबीसीच्या टीव्ही नाटक विभागात होती. १९८५मध्ये आर्ट्स कौन्सिलची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती इप्सविचच्या वोल्सी थिएटरमध्ये शिकाऊ दिग्दर्शक झाली. म्हणजे अठ्ठाविशीत चक्क ट्रेनी! मग चेल्टनहॅम, ब्रिस्टल, मँचेस्टर अशा लंडनबाहेरच्या थिएटर्समध्ये काम करत करत १९९४मध्ये ती नॅशनल थिएटरपर्यंत पोहोचली.

ऑपेरात आख्खी गोष्ट गाऊन सांगतात. लीड्सच्या ‘ऑपेरा नॉर्थ’साठी तिने बेंजामिन ब्रिटनचा ‘ग्लोरियाना’ बसवला. त्यात आहे वय झालेली, पण सत्ता न सोडणारी राणी एलिझाबेथ पहिली. २००५मध्ये डॉनमार वेअरहाउसमध्ये ‘मेरी स्टुअर्ट’ आलं, तेव्हा दोन्ही राण्या जुन्या काळातल्या पोशाखात आणि भोवतीचे सगळे पुरुष आजच्या सुटाबुटात होते. एवढ्या एका युक्तीत त्या दोघी किती एकट्या आहेत, ते कळतं.

‘मम्मा मिया!’ १९९९मध्ये आधी लंडनच्या रंगमंचावर आलं. निर्माती ज्युडी क्रेमर, लेखिका कॅथरीन जॉन्सन आणि दिग्दर्शिका फिलिडा या तिघींनीच २००८चा सिनेमाही केला. थिएटरसाठीचा हा तिचा पहिलाच सिनेमा, वय वर्षं ५१. जगभरात त्याने ६० कोटी डॉलर्सहून जास्त धंदा केला. ब्रिटनमध्ये तर ‘टायटॅनिक’लाही मागे टाकलं. २०११मध्ये मार्गारेट थॅचरवरचा ‘द आयर्न लेडी’ आला. थॅचर तेव्हा हयात होत्या आणि त्यांचं म्हातारपणचं विस्मरण पडद्यावर दाखवल्याबद्दल बरीच टीका झाली. स्ट्रीपला मात्र त्यासाठी ऑस्कर मिळालं.

एवढं यश मिळाल्यावर कुणीही पुढचा बिग बजेट सिनेमा उचलला असता. फिलिडा पुन्हा डॉनमारच्या छोट्या थिएटरमध्ये गेली. २०१२मध्ये तिने ‘ज्युलियस सीझर’ केलं, तेही सगळ्या बायकांना घेऊन. कल्पना अशी, की महिला तुरुंगातल्या कैदीच हे नाटक बसवतायत. तुरुंगवास भोगलेल्या महिलांसोबत काम करणारी ‘क्लीन ब्रेक’ ही नाट्यसंस्था यात सोबत होती. हॅरिएट वॉल्टर ब्रूटस झाली. पुढे ‘हेन्री द फोर्थ’ आणि ‘द टेम्पेस्ट’ही याच पद्धतीने झाली. नटीचं वय वाढलं की भूमिका आटतात, आणि इथे साठी ओलांडलेली हॅरिएट राजाही झाली आणि प्रॉस्परोही!

याच तालमींतून पुढचा सिनेमा निघाला. या नाटकांत काम करणाऱ्या क्लेअर डनने एक गोष्ट लिहिली होती. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून सुटलेली डब्लिनमधली आई स्वतःच्या हाताने घर बांधते. फिलिडाने त्यावर ‘हरसेल्फ’ हा सिनेमा केला आणि मुख्य भूमिका क्लेअरलाच दिली. २०२०मध्ये तो ‘सनडान्स’ला दाखवला गेला.

कॉलेजच्या एकांकिकेचं कास्टिंग करताना ‘मुलींसाठी त्यात काही नाहीये रे’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. पुढच्या वेळी कुणी ते म्हणालं, तर त्याला ब्रूटस कोणी केला होता ते जरूर सांगा.