कोर्स बनवता येतो, पण वेळेत देता येतो का?

प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायला आपल्याला भंडाऱ्याबाहेर जायची गरज नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण बघा. १९८३ मध्ये खर्च धरला होता सुमारे ३७२ कोटी. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. पुढे सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. भूसंपादन, पुनर्वसन, कालवे, वाढते दर अशी कारणं जमत गेली. काम येणं वेगळं आणि ते वेळेत, पैशात बसवणं वेगळं!

ट्रेनिंग कोर्स बनवून द्यायच्या धंद्यातही हेच होतं. या कामाचे पाच टप्पे 'अ‍ॅडी' नावाने शिकवतात: गरज ओळखणं, आराखडा, निर्मिती, वापर, तपासणी. १९७५ च्या सुमारास अमेरिकी सैन्यासाठी ही पद्धत फ्लोरिडात तयार झाली. टप्पे सगळ्यांना पाठ असतात. तारखा आणि पैसा सांभाळताना मात्र गाडी अडते.

समजा, तुमसरच्या एका राईस मिलने कामगारांसाठी १० व्हिडिओ मागितले. मशीन सुरक्षित कशी चालवायची, एवढाच विषय. तुम्ही ४० हजारांत, ३० दिवसांत हो म्हणालात. आठवड्याने मालक म्हणतात, "भाऊ, हिशोबाचे दोन टाकून द्या ना!" संबंध बिघडू नयेत म्हणून तुम्ही गप्प बसता. तेवढ्यात धानाचा हंगाम सुरू होतो. ज्याच्याकडून माहिती घ्यायची, त्या ऑपरेटरला जेवायलाही सवड नाही. शूटिंग थांबतं, कॅमेरावाल्याचं भाडं मात्र चढतं. कोर्स चांगला होतो, पण तुमच्या हातात काहीच उरत नाही.

म्हणून तीन गोष्टी आधीच करा.

१. काय देणार आणि काय देणार नाही, एका कागदावर लिहा, सही घ्या. वाढीव काम म्हणजे वाढीव पैसे आणि वाढीव दिवस.

२. माहिती देणाऱ्या माणसाची तारीख आधी पक्की करा, कॅमेरावाल्याची नंतर. हंगाम बघूनच वेळापत्रक आखा.

३. एक व्हिडिओ आधी बनवून कामगारांना दाखवा. चूक एकात सुधारणं स्वस्त, दहात महाग.

पैसेही टप्प्याने घ्या: सुरुवातीला, आराखडा मंजूर झाल्यावर आणि शेवटी.

"नाही" म्हणायला जड जातं, खरंय. पण कागद हातात असला की "नाही" म्हणावं लागत नाही, "याचे इतके होतील" एवढंच म्हणावं लागतं. पुढचं काम घेण्याआधी तो कागद आजच लिहून ठेवा!