जठरातील जिवाणू आणि निकामी ठरणारी प्रतिजैविके

परभणी, जिंतूर किंवा गंगाखेडच्या दवाखान्यांत पोटातील जळजळीची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाने बहुधा तिखटाला आणि जागरणाला आधीच दोष देऊन पित्ताच्या गोळ्या घेतलेल्या असतात. परंतु जठराच्या किंवा त्याला लागून असलेल्या लहान आतड्याच्या अस्तराला पडणाऱ्या जखमांचे, म्हणजेच अल्सरचे, एक प्रमुख कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा नागमोडी जिवाणू आहे, हे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतातील निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जिवाणू असतो, त्याचा संसर्ग बहुधा बालपणी घरातील माणसांकडून किंवा अशुद्ध पाण्यावाटे होतो आणि बहुतेकांना त्याचा कसलाही त्रास होत नाही. जठरातील तीव्र आम्लात तो तग धरतो तो युरिएज या विकराच्या बळावर, कारण हा विकर युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो आणि जिवाणूभोवतीचे आम्ल तेवढ्यापुरते शमवतो. दुर्बिणीच्या तपासणीत काढलेला अस्तराचा कणभर तुकडा युरियायुक्त पिवळ्या जेलमध्ये ठेवला असता ते गुलाबी होते, ते याच अमोनियामुळे.

उपचारात आम्ल कमी करणारे औषध आणि दोन प्रतिजैविके एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली, कारण जाड श्लेष्मात दडलेला हा जिवाणू एका औषधाने क्वचितच समूळ जातो. त्यांतील क्लॅरिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोझोमला, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला, चिकटून तिचे काम थांबवते. मात्र तिच्या घडणीच्या जनुकीय संकेतात एका ठरावीक जागी एक अक्षर बदलले तरी औषधाची पकड सुटते. मेट्रोनिडाझोलची गोष्ट निराळी आहे. हे औषध जिवाणूत शिरते तेव्हा निष्क्रिय असते आणि जिवाणूचाच एक विकर त्याचे विषात रूपांतर करतो, त्यामुळे तो विकर बनवणारे जनुक बिघडले की औषध आत जाऊनही निरुपद्रवी राहते. हा बिघाड जिवाणूला फारसा महागात पडत नाही, ही खरी अडचण आहे.

चेन्नई, हैदराबाद, लखनौ, दिल्ली आणि चंदीगड येथील रुग्णांपासून मिळवलेल्या २५९ जिवाणू-नमुन्यांच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७८ टक्के नमुने मेट्रोनिडाझोलला आणि ४५ टक्के क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नव्हते, आणि परभणीशी रेल्वेने थेट जोडलेल्या हैदराबादेत मेट्रोनिडाझोल-प्रतिरोध दिल्ली-चंदीगडपेक्षा कितीतरी अधिक होता. हे आकडे जुने असले तरी त्यांमागची कारणे टिकून आहेत: जुलाब, आमांश आणि दातदुखीसाठी मेट्रोनिडाझोल सर्रास घेतले जाते, तर घसा आणि खोकल्यासाठी, पुढे कोविडच्या काळातही, वारेमाप वापरले गेलेले अ‍ॅझिथ्रोमायसिन क्लॅरिथ्रोमायसिनच्याच गटातील असल्याने एकाविरुद्धचा प्रतिरोध दुसऱ्यालाही निकामी करतो. खोकल्यासाठी गिळलेली गोळी जठरातील जिवाणूपर्यंतही पोहोचते, ही साधी बाब रुग्णच काय, औषध लिहून देणारेही विसरतात.

ज्या प्रदेशात क्लॅरिथ्रोमायसिन-प्रतिरोध १५ टक्क्यांहून अधिक आहे, तेथे ते अंदाजाने देऊ नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अशा प्रतिरोधी जिवाणूचा समावेश उच्च प्राधान्याच्या यादीत केला होता. पर्याय म्हणून आम्लरोधक, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल अशी चार औषधे १४ दिवस दिली जातात, ज्यात मोठी मात्रा आणि लांबलेला काळ मेट्रोनिडाझोलच्या प्रतिरोधावर बऱ्याच अंशी मात करतो. दिवसाला अनेक गोळ्या, तोंडाला धातूसारखी चव आणि बिस्मथमुळे होणारे काळे शौच यांना घाबरून पाचव्या-सहाव्या दिवशी औषध सोडणारा रुग्ण नकळत प्रतिरोधी जिवाणूंनाच मागे ठेवतो. लेव्होफ्लॉक्सासिन हा पुढचा आधार. पण ते औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगातही लागते, म्हणून त्याची उधळपट्टी परवडणारी नाही.

जिवाणू वाढवून औषधांची परीक्षा करायची तर कमी ऑक्सिजनचे वातावरण आणि कित्येक दिवस लागतात, त्यामुळे देशात मोजक्याच प्रयोगशाळा हे काम करतात आणि बहुतेक रुग्णांना दुसऱ्या शहरांच्या आकडेवारीवर बेतलेले उपचार मिळतात. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून, जिल्ह्याची स्वतःची प्रतिरोध-नोंद उभी करणे हे तेथील सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने हाती घ्यावे असे काम आहे. तोवर रुग्णाने मागील काही वर्षांत घेतलेली प्रतिजैविके डॉक्टरांना आठवून सांगावीत, आणि औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, पित्ताच्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू खरोखर गेला की नाही हे पाहावे. जळजळ थांबणे हा त्याचा पुरावा नव्हे.