मधल्या पट्ट्याचा जमाखर्च

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघाले म्हणजे वाटेत वाघबीळ लागते, पुढे गायमुख येते आणि सुमारे वीस किलोमीटरांनंतर घोडबंदर. घोडबंदरच्या किल्ल्याची इतिहासाने नोंद ठेवली आहे. १७३७ साली तो पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. वाघबीळ आणि गायमुख यांच्या वाट्याला असा इतिहास आला नाही. तेथे जे घडत होते ते रोजचे होते: भातशेती, गुरेचराई, मासेमारी, गवतकापणी. रोजच्या कामाची बखर कोणी लिहीत नाही.

आज या रस्त्याविषयी जे लिहिले-बोलले जाते ते वाहतुकीच्या कोंडीविषयी, मेट्रोच्या खांबांविषयी आणि सदनिकांच्या किमतींविषयी. एखादा बिबट्या गृहसंकुलाच्या आवारात दिसला म्हणजे दोन दिवस निसर्गाचीही आठवण होते. मग विकास हवा की निसर्ग, असा वाद रंगतो आणि विरून जातो. वस्तुतः या वादाची मांडणीच सदोष आहे. या रस्त्यालगतचे जंगल पुष्कळ अंशी राखले गेले आहे आणि खाडीकाठच्या तिवरांनाही कायद्याचे संरक्षण आहे. नाहीसा होत गेला तो या दोहोंच्या मधला, माणसाने कसलेला पट्टा. त्याचा हिशेब निसर्गप्रेमींनी मांडला नाही आणि नियोजनकारांनीही मांडला नाही.

राखलेल्या दोन कडा

रस्त्याच्या एका अंगास येऊरचे डोंगर आहेत. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रात मोडतात. दुसऱ्या अंगास उल्हास नदीची खाडी आहे. पुढे हीच वसईची खाडी होते. गायमुखापुढे नागल्याचे जंगल रस्ता ओलांडून थेट खाडीपर्यंत उतरते आणि खाडीपलीकडे तुंगारेश्वरचे अभयारण्य आहे. म्हणजे हा रस्ता दोन जंगलांना जोडणाऱ्या वाटेच्या मधोमध पडला आहे.

या दोन्ही कडांना कायद्याचे कुंपण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून काहीही गोळा करून नेण्यास मनाई आहे. खाडीकाठच्या तिवरांची तोड आणि त्यांवरील भराव यांस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मज्जाव केला आणि २०१८ च्या निकालाने तो कायम केला. हे दोन्ही निर्बंध इष्टच होते. तथापि त्यांचा एक परिणाम फारसा ध्यानात घेतला गेला नाही. डोंगर आणि खाजण या दोन्ही जागा गोळा करणाऱ्याच्या हातून गेल्यावर त्यास उरल्या त्या फक्त मधल्या जागा: भाताची खाचरे, वरकस माळ, ओढ्यांचे काठ, गावाची गुरचरण. आणि १९८२ साली ठाणे महानगरपालिका होऊन आसपासची गावे तिच्यात आल्यानंतरच्या चार दशकांत इमारती उभ्या राहिल्या त्या प्रामुख्याने याच जागांवर.

खाचरात काय पिकत होते?

भाताच्या खाचरात भात पिकते, हे उत्तर अपुरे आहे. उत्तर कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. उन्हाळ्यात झाडांची डहाळी, पालापाचोळा, शेण आणि गवत यांचा थर जमिनीवर रचून तो जाळावयाचा आणि पावसाच्या तोंडाशी त्या राखेत बी पेरावयाचे. डहाळी येते ती वरकस जमिनीवरील ऐनासारख्या झाडांची. म्हणजे खालचे शेत वरच्या झाडांवर अवलंबून असते. हे अवलंबन इतके निकडीचे होते की, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला आणि राबासाठी डहाळी तोडण्याचा हक्क हा त्यातील एक कळीचा मुद्दा होता.

पहिला मोठा पाऊस पडला म्हणजे ओढ्या-नाल्यांतले मासे अंडी घालण्यासाठी पाण्याच्या उलट दिशेने वर चढतात. या चढणीच्या माशांना आपल्याकडे वलगणीचे मासे म्हणतात. ते ओढ्यातून बांधावर आणि बांधावरून खाचरात येतात. मरळ, शिंगटी, शेतातले मुठे हे त्या दिवसांतले अन्न. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तोही रात्री बत्ती घेऊन ते पकडू शकत असे. शेतमालक त्यास हरकत घेत नसे. त्याच सुमारास माळावर शेवळे उगवतात. शेवळ्यांची खाज मारण्यासाठी भाजीत काकडे घालावी लागतात. म्हणून ठाण्याच्या बाजारात आदिवासी स्त्रिया शेवळ्यांच्या जुड्यांबरोबर काकडांचे वाटेही मांडून बसतात. पाठोपाठ कोरलू, टाकळा, फोडशी, भारंगी, कंटोळी अशा रानभाज्या येतात. दिवाळीच्या आगेमागे भात कापले की ओलीवर वाल पेरावयाचा आणि नंतर माळावरचे गवत कापावयाचे.

गवत ही क्षुल्लक वस्तू नव्हती. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी भागात १९४५ साली वारल्यांनी जो संप केला, त्यातील एक प्रमुख मागणी पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मिळावी ही होती. जे निसर्गाची देणगी म्हणून दिसते त्यात किती श्रम असतात, हे त्या मागणीतून स्पष्ट होते.

खाचर आणखी एक काम करीत असे. एक हेक्टर खाचरात केवळ दहा सेंटिमीटर पाणी साचले तरी ते दहा लाख लिटर होते. दहा हजार लिटरच्या शंभर टँकरांइतके. खाचराने हे पाणी आषाढ-श्रावणात अडवून धरावे आणि सावकाश जमिनीत व ओढ्यात सोडावे, हा क्रम होता. आज तेच पाणी काँक्रीटवरून तासाभरात रस्त्यावर येते आणि उन्हाळ्यात तेथीलच गृहसंकुले टँकरसाठी पैसे मोजतात.

मोजणीतील उणीव

विद्यार्थ्यांना राष्ट्रीय उत्पन्न शिकविताना पिगू यांचे प्रसिद्ध उदाहरण सांगावे लागते. पगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीशी मालकाने विवाह केला तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. मधल्या पट्ट्यात याच्या उलट घडले. खाचरात मासे धरणारी आणि माळावर भाजी खुडणारी स्त्री जेव्हा टॉवरमध्ये धुणीभांडी करू लागते, तेव्हा तिच्या वेतनाइतकी वाढ कागदावर दिसते. तिने गमावलेले अन्न, सरपण आणि चारा वजा केला जात नाही. व्याख्येनुसार स्वतःच्या उपभोगासाठी पकडलेले मासे आणि गोळा केलेले सरपण हेही उत्पन्नातच धरावयास हवे. अडचण व्याख्येची नसून मोजणीची आहे. ओंजळीने गोळा होणारी आणि त्याच दिवशी चुलीवर जाणारी वस्तू नोंदवहीपर्यंत पोहोचत नाही.

सातबाऱ्याचेही तेच. त्यात मालक असतो, पीक असते आणि 'इतर हक्क' असा एक रकानाही असतो. परंतु पहिल्या पावसात या खाचरात मासे कोण धरते, या माळावरचे गवत कोणाच्या गुरांना जाते, हे त्या रकान्यात कधी लिहिले गेले नाही. त्यामुळे जमीन विकली गेली तेव्हा मालकास किंमत मिळाली आणि वहिवाटदारास काहीच मिळाले नाही. मालकाने अन्याय केला असे म्हणता येणार नाही. ज्या वापराची नोंदच नाही त्याची भरपाई तो कोणास देणार?

वनजमिनीच्या बाबतीत निदान किंमत ठरविण्याचा प्रयत्न झाला. वनजमीन अन्य कामासाठी वळविताना भरावयाच्या 'निव्वळ वर्तमान मूल्या'चे हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये असे दर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केले. अभयारण्यासाठी त्याच्या पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट. २०२२ मध्ये हे दर वाढविण्यात आले. ही रक्कम वनीकरणाच्या निधीत जाते, गोळा करणाऱ्याच्या हाती नव्हे, ही त्यातली उणीव आहेच. पण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचे खाचर, ज्यात त्याच डोंगराचे पाणी आणि त्याच ओढ्याचे मासे येतात, त्याच्या या गुणांचे मूल्य शून्य धरले जाते, कारण ते वन नाही.

बिबट्याचे काम

वन्य प्राण्यांनाही हा पट्टा लागतो. २००९ साली नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेला एक बिबट्या रेडिओ-पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले. महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून तो या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. त्याची वाट शेतांमधून आणि वस्त्यांच्या कडेने गेली होती. २०११ मध्ये एका महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मरण पावला. घोडबंदर रस्त्यावरही बिबटे असेच मेले आहेत.

२०१८ मध्ये उद्यान व लगतच्या परिसरात कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ४७ बिबटे मोजले गेले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय निबंधात असा अंदाज होता की, हे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात आणि त्यायोगे श्वानदंशाचे सुमारे हजार प्रसंग टळतात. अंदाज थोडाबहुत चुकला असे धरले तरी मुद्दा राहतोच: ज्याचा आपण केवळ धोका म्हणून विचार करतो, तो आपले एक काम विनामोबदला करीत असतो. वारली समाजाला हा व्यवहार अपरिचित नाही. वाघबारशीला वाघोबाची पूजा करताना भीती आणि देणेघेणे या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र सांभाळल्या आहेत.

आक्षेप आणि उपाय

यावर एक आक्षेप हमखास येईल. जुने जीवन कष्टाचे होते. चिखलात वाकून आवणी करणाऱ्या स्त्रीच्या मुलीने शिकून कार्यालयात नोकरी केली तर त्यात शोक कसला? आक्षेप रास्त आहे. कष्टाचे उदात्तीकरण करण्याचा अधिकार पंख्याखाली बसणाऱ्यांना नाही. रस्ता, मेट्रो, २०२४ च्या जुलैमध्ये भूमिपूजन झालेला ठाणे-बोरिवली जुळा बोगदा यांची गरज आहे, हेही नाकारता येत नाही. कोंडीत रोज दोन-दोन तास घालविणाऱ्या कारकुनाचा वेळ ही देखील राष्ट्राची संपत्तीच आहे. पण त्या मुलीला कार्यालयातील नोकरी मिळाली की केवळ दुसऱ्याच्या घरातील मोरी मिळाली, हे हिशेब मांडल्याखेरीज कसे कळणार? बदल नको, असे येथे म्हणावयाचे नाही. बदलाची किंमत कोणी भरली हे लिहून ठेवावे, एवढीच मागणी आहे.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (१९६६) निस्तारपत्रकाची तरतूद आहे. गावकऱ्यांनी कोठे गुरे चारावी, सरपण, माती, मुरूम कोठून घ्यावा, याची ती अधिकृत नोंद. मात्र १६१ ते १६७ ही तिच्याविषयीची कलमे विदर्भापुरती मर्यादित आहेत. ती कोकणास लागू का करू नयेत? २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांची वाट मोकळी केली आहे. येऊरच्या पाड्यांपर्यंत ती पोहोचली पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने महानगरपालिकेलाही जैवविविधता समिती नेमून लोकांच्या माहितीवरून नोंदवही करावयास सांगितले आहे. त्या नोंदवहीत वनस्पतींच्या नावांपुढे त्या कोण, केव्हा आणि कशासाठी वापरतो हा रकाना आवर्जून भरला गेला पाहिजे. आणि नागल्याच्या बाजूस रस्त्याचे जे काही रुंदीकरण होईल, त्यात प्राण्यांच्या भुयारी वाटा व ओढ्यांच्या मोऱ्या यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच असावा. अपघातानंतरची मलमपट्टी म्हणून नव्हे.

शासन हे करील तेव्हा करील. प्राध्यापक आणि विद्यार्थी यांना मात्र थांबण्याचे कारण नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत आठवड्यातून एकदा बाजारात जाऊन रानभाजी व गोड्या पाण्यातील मासे विकणाऱ्या स्त्रियांशी बोलावे. माल कोठून आणला, किती चालावे लागले, पाच वर्षांपूर्वी तो कोठे मिळत असे, आज ती जागा कोणत्या स्थितीत आहे, एवढे चारच प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवावीत. विचारण्यापूर्वी त्यांच्याकडून काही विकत घ्यावे, म्हणजे त्यांचा वेळ फुकट जाणार नाही. अशा दहा वर्षांच्या वह्या एकत्र केल्या तर मधल्या पट्ट्याचा पहिला जमाखर्च तयार होईल. चेणे-येऊरच्या बाजूस जी थोडी शेती शिल्लक आहे तिचे काय करावयाचे, याचा निर्णय निदान तो जमाखर्च समोर ठेवून व्हावा.