नावाजलेला चित्रपट आणि आपली निराशा

मोठमोठ्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला चित्रपट आपल्याला फिका वाटला, की आपण आधी स्वतःच्याच समजेवर शंका घेतो. मग मुशायऱ्यात शेर न कळताच शेजाऱ्याकडे पाहून ‘वाहवा’ म्हणावं, तशी चारचौघांत मान डोलावतो. पण निराशेचं कारण पुष्कळदा त्या चित्रपटाच्या घडणीतच सापडतं.

हॉलिवूडचा ‘द बिग स्लीप’ घ्या. रेमंड चँडलर यांच्या १९३९च्या कादंबरीवर हॉवर्ड हॉक्स यांनी काढलेला हा रहस्यपट १९४६मध्ये झळकला. हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल ही जोडी, पटकथाकारांत विल्यम फॉकनर. गुन्हेपटांचा विषय निघाला, की याचं नाव येतंच. मला मात्र तो फारसा भिडला नाही. कोणी कोणाला का मारलं, हा धागा मध्येच हातून सुटतो.

तो का सुटतो? पहिलं कारण सेन्सॉरचं. कादंबरीतला पुस्तकविक्रेता गायगर अश्लील पुस्तकं भाड्याने देतो. त्या काळच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत हे उघड सांगायची सोय नव्हती. म्हणून पडद्यावर गुन्हा दिसतो, त्यामागचा धंदा दिसत नाही.

दुसरं कारण अधिक रंजक आहे. चित्रपट १९४५मध्येच तयार होता, सैनिकांना दाखवलाही गेला होता. महायुद्ध संपत आलं, म्हणून स्टुडिओने युद्धपट आधी बाजारात आणले. दरम्यान बकॉलच्या दुसऱ्या एका चित्रपटावर टीका झाली. तिची बाजू सावरण्यासाठी १९४६च्या जानेवारीत बोगार्टबरोबरचे नवे प्रसंग चित्रित झाले. घोड्यांच्या शर्यतीवरचं ते द्व्यर्थी संभाषण त्यांतलंच. आणि सरकारी वकिलाच्या कचेरीत गुप्तहेर सारी गुंतागुंत उलगडून सांगतो, नेमका तो प्रसंग कापला गेला! एका शोफरचा खून झाला की त्याने आत्महत्या केली, असं विचारणारी तार चँडलर यांना गेली. तेव्हा ते त्यांनाही सांगता आलं नाही.

म्हणजे जाणकार दाद देतात ती संवादांना, त्या जोडीला, अंधाऱ्या वातावरणाला. आपण शोधतो ती उकल, आणि ती तर निर्मात्यांनीच सोडून दिलेली. रहस्यपटाकडे उकलीसाठी जाणारा निराश झाला, तर त्यात गैर काय? १९४५ची आवृत्ती १९९७मध्ये पुन्हा प्रकाशात आली. दोन्ही ताडून पाहा. नाही आवडला, तर तसं सांगा. फक्त का, तेही सांगा. न कळता दिलेली दाद कवीच्याही उपयोगाची नसते, हे मी अनुभवाने सांगतो.