बोगद्यातील गस्त आणि पोलादी बटण

पेडण्याच्या बोगद्याने कोकण रेल्वेला प्रारंभापासून छळले आहे. मार्गाची बांधणी चालू असताना तेथल्या भुसभुशीत मातीने अभियंत्यांची कसोटी पाहिली आणि 1998 साली गाड्या धावू लागल्यावरही तो डोंगर स्वस्थ बसला नाही. 6 ऑगस्ट 2020 रोजी पहाटे बोगद्याच्या भिंतीचा काही भाग ढासळला व गाड्या पुणे, मिरज, लोंढा अशा वळशाने मडगावास आणाव्या लागल्या. 9 जुलै 2024 रोजी त्याच बोगद्यात पाणी व चिखल उसळला. रात्री वाहतूक सुरू होते न होते तोच 10 जुलैच्या पहाटे ती पुन्हा ठप्प झाली. सुदैवाने दोन्ही प्रसंगी प्राणहानी झाली नाही. 22 जून 2003 रोजी वैभववाडीनजीक रुळांवर आलेल्या दरडीने पन्नासहून अधिक प्रवाशांचे प्राण घेतले, तेव्हा दैव इतके दयाळू नव्हते.

असल्या डोंगरांवर पावसाळ्यात खरी भिस्त असते ती हाती दिवा घेऊन रुळांवरून चालत जाणाऱ्या गस्तवाल्यावर. तो ठरल्या वेळी ठरल्या जागी पोहोचला की नाही, हे ताडण्यासाठी रेल्वेने पूर्वापार गस्तीची वही वापरली. शेजारच्या टापूतील गस्तवाल्याशी तिची अदलाबदल करायची आणि स्थानकावर तिच्यात नोंद करून घ्यायची, अशी ही पद्धत. अलीकडे भारतीय रेल्वेच्या अनेक विभागांत गस्तवाल्यांना उपग्रहाधारित जीपीएस यंत्रे देण्यात आली. उघड्या माळावर हा उपाय उत्तम. परंतु उपग्रहाला आकाश लागते, आणि कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे असून त्यांची एकूण लांबी ऐंशी किलोमीटरांपुढे जाते. एकटा कारबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरांचा आहे. जेथे पहारा सर्वाधिक हवा, नेमके तेथेच हे यंत्र आंधळे होते.

या ठिकाणी एका जुन्या, काहीशा विस्मृत साधनाची आठवण करून द्यावीशी वाटते. अमेरिकेतील डॅलस सेमीकंडक्टर या कंपनीने 1990 नंतरच्या दशकात एक पोलादी बटण प्रचारात आणले. आकार नाण्याएवढा, व्यास सुमारे 16 मिलिमीटर, कवच गंज न धरणाऱ्या पोलादाचे, आणि आत एक चकती. तिच्यावर कारखान्यातच कायमचा क्रमांक कोरलेला असतो. असे सुमारे 281 लाख कोटी निरनिराळे क्रमांक संभवतात, त्यामुळे एका बटणाचा क्रमांक दुसऱ्यास दिला जात नाही. साध्या बटणात विजेरी नसते. हातातले वाचनयंत्र बटणाला टेकवले की त्यातूनच लागेल तेवढी वीज मिळते आणि क्षणार्धात क्रमांक व वेळ यंत्रात नोंदली जाते. इस्तंबूल शहराने 1995 पासून पुढे अनेक वर्षे बस आणि बोटींचे भाडे याच बटणावर घेतले. लाखो उतारू ते किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून हिंडत. शहरे पुढे दुरून वाचता येणाऱ्या कार्डांकडे वळली, ते त्यांच्या दृष्टीने योग्यच होते.

बोगद्यात मात्र दुरून वाचता न येणे हाच गुण ठरतो. यंत्र बटणाला टेकवावेच लागते, म्हणजे माणसाला त्या भिंतीपाशी जावेच लागते. कागदी पट्टी आपल्या कोकणातील एका मृगात फुगून निघते, रेडिओलहरींना आसपासचे लोखंड भोवते. या बटणावर चिखल बसला तर अंगठ्याने पुसावा, एवढेच. खाऱ्या हवेत जपायचे ते बटणापेक्षा त्याला धरून ठेवणाऱ्या स्वस्त पट्टीला आणि स्क्रूंना. कंत्राटदार काटकसर करतात ती नेमकी तेथेच.

तथापि बटण पावलांची साक्ष देते, डोळ्यांची नव्हे. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी गस्तवाला अमुक भिंतीपाशी होता, एवढेच ते सांगेल. त्या भिंतीतून पाणी झिरपत होते काय, हे सांगणार नाही. एवढ्यावरच थांबलो तर हे साधन कामगाराची हजेरी आणि दंड यांपुरतेच उरेल, आणि मग कामगार संघटनांनी त्याला विरोध केला तर त्यांना दोष देता येणार नाही. या पद्धतीचे जाणकार म्हणून पहारेकऱ्याला आणखी काही बटणांचे एक पाकीट देतात. भिंतीवरचे बटण टेकवल्यावर पाकिटातले योग्य ते बटण टेकवायचे: पाणी झिरपते, माती सुटली, गटार तुंबले, सर्व ठीक. लिहिण्याची यातायात नाही, भिजलेल्या वहीचा प्रश्न नाही. अशा नोंदी दोन-तीन पावसाळे साठल्या की कोणत्या ठिकाणचे पाणी वर्षागणिक वाढत आहे हे अभियंत्याला कार्यालयात बसून दिसेल; मात्र त्याने त्या नोंदी वाचल्या पाहिजेत. गस्तवाल्याची नोंद जशी वेळेनिशी होते, तशी ती नोंद अधिकाऱ्याने केव्हा पाहिली याचीही व्हावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

हे साधन तातडीचा निरोप देत नाही. माहिती स्थानकात उतरवून घेतल्यावरच कळते. धोका समोर दिसला तर लाल दिवा, रुळावरचे फटाके आणि संपर्काचे खटके हेच उपाय. कोकण रेल्वेने मार्गावर सरासरी एकेका किलोमीटरवर संपर्काचे खटके बसवले आहेत, ही गोष्ट स्तुत्य आहे.

पेडण्याचा बोगदा सुमारे दीड किलोमीटरांचा. शंभर-शंभर मीटरांवर एक याप्रमाणे पंधरा-सोळा बटणे, गस्तवाल्यांपुरती वाचनयंत्रे, आणि मडुरे व पेडणे या दोन स्थानकांवर माहिती उतरवून घेण्याची सोय, एवढ्यावर येत्या पावसाळ्यापूर्वी प्रयोग सुरू करता येईल.