फोनने दिलेलं एकच उत्तर

"कळसूबाई किती उंच आहे?" असं फोनला विचारलं की "1646 मीटर" हे उत्तर लगेच मिळतं. त्यासाठी आधी आपल्या बोलण्याचं मजकुरात रूपांतर होतं. मग गूगल आपल्या 'नॉलेज ग्राफ'मध्ये शोध घेतं. 2012 साली सुरू झालेल्या या साठ्यात व्यक्ती, ठिकाणं, वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध नोंदलेले असतात. उंची, जन्मतारीख, राजधानी अशी ठरावीक माहिती बहुधा तिथूनच येते.

'का' आणि 'कसं' हे प्रश्न तिथे सुटत नाहीत. त्यांच्यासाठी अनेकदा एखाद्या संकेतस्थळावरचा जुळणारा उतारा उचलला जातो, आणि खरी जोखीम इथेच आहे. उतारा प्रश्नाशी जुळला म्हणून तो खरा ठरत नाही. ओबामा सत्तापालटाचा कट रचत आहेत का, या प्रश्नावर 2017 मध्ये गूगल होम स्पीकरने एक निराधार अफवाच वाचून दाखवली होती. पडद्यावर निदान खाली दुवा आणि इतर निकाल दिसतात. स्पीकरवर मात्र एकच उत्तर कानावर पडतं. म्हणून औषध, पैसा किंवा कायद्याबद्दल विचारलं असेल तर तेवढ्यावर थांबू नका. मूळ पान उघडा. ते कुणी आणि कधी लिहिलंय, हे आधी बघा.